पुढच्या दाराचा उतार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (समोर भेटलीस की मी 'काय गं' म्हणतो हे खरं, पण कागद पुढे आला की माणूस आपोआप वाकतो.) तुझी मान आता कशी आहे? त्या कॉम्प्युटरपुढे बगळ्यासारखी बसत जाऊ नकोस. भाऊजींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे, आणि गेला नसेल तर निदान त्यांनी तो तुझ्या मीटिंगमध्ये काढू नये. इकडे आम्ही सगळे ठीक. बाबा तर इतके ठीक आहेत की त्यासाठीच हे पत्र लिहावं लागतंय. फोनवर सांगितलं असतं, पण त्यांचे पाय रुसले असले तरी कान ठणठणीत आहेत.

तुला आठवत असेल, बाबा पडले आणि चाकाच्या खुर्चीत बसले, तेव्हापासून पुढच्या दाराच्या पायऱ्यांनी त्यांना घरात कोंडून ठेवलं होतं. घड्याळवाल्या काकांच्या दुकानातला बुद्धिबळाचा डाव बंद पडला. खिडकीशी बसून ते रस्ता बघत राहायचे, आणि ताई, मला ते बघवत नव्हतं. पायऱ्यांवर रॅम्प बांधू म्हटलं, तर तू म्हणालीस, हाही एक प्रोजेक्टच आहे, नीट आखून कर. तू नवशिक्यांना प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवतेस, त्यात माझ्यासारखा नवशिका तुला घरबसल्या मिळाला. तुला दोष देत नाही. पण 'गवंड्याला बोलाव आणि गप्प बस' एवढंच म्हणाली असतीस, तर या घराचे उपकार झाले असते.

तू पहिला धडा दिलास स्कोपचा. काय करायचं आणि काय नाही, याला आधी कुंपण घालायचं. मी झोकात लिहिलं: उंबऱ्यापासून अंगणापर्यंत रॅम्प, त्यापलीकडे काहीही नाही. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे ते माझ्या नरड्याशी येणार आहे.) मग स्टेकहोल्डर, म्हणजे ज्यांचं या कामात काही अडकलंय अशी माणसं. त्यात बाबा, मी, ही, गवंडी, आणि मधल्या पायरीवर झोपणारं शेजारचं मांजर. मांजराला मी 'फक्त कळवणे' या रकान्यात टाकलं. कोणत्या कामामागे कोणतं काम, याचा तक्ता हॉलच्या भिंतीवर लावला. धोक्यांमध्ये पाऊस लिहिला, सिमेंट उशिरा येणं लिहिलं, आणि गवंड्याचे नातेवाईक लिहिले, कारण त्यांच्यापैकी कोणीतरी दर आठवड्याला आजारी पडतं. तक्ता बघून ही म्हणाली, एवढ्या वेळात निदान पंखे तरी पुसून झाले असते.

रोज एक छोटी मीटिंग उभ्याउभ्या घ्यायची, असंही तू सांगितलं होतंस. मी ते बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "उभं राहून? मग मला रजा दे बाबा." तेव्हा ते बसून आणि मी उभा असं ठरलं, पण दुसऱ्याच संध्याकाळी चहा आला आणि मीही टेकलो. ऑफिसातून आलो की आधी मीटिंग. कामाचं बोलणं चहा निवायच्या आत संपायचं. मग बाबांचं सुरू व्हायचं. आईला पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा चपला कशा बदलून आल्या, तू सायकलवरून थेट डबक्यात कशी गेलीस, मी शाळेत पोटदुखीचं नाटक कोणत्या वारी करायचो. इतिवृत्तात हे सगळं मी 'इतर विषय' म्हणून नोंदवत होतो. खोटं कशाला बोलू, नंतर नंतर मी त्या इतर विषयांसाठीच लवकर घरी यायला लागलो.

आता आमच्या प्रोजेक्टला खरी कीड कुणी लावली ते ऐक. बाबांनीच. गवंडी थापी घेऊन उभा राहिला की यांची नवी मागणी तयार. एका बाजूला कठडा पाहिजे. मग दुसऱ्या बाजूलाही. उतार फार उभा वाटतो, जरा लांबवा. वळायला मध्ये जागा ठेवा. संध्याकाळी दिसायला दिवा नको का? तू शिकवल्याप्रमाणे मी प्रत्येक बदल लिहून घ्यायचो आणि त्यांना गंभीरपणे सांगायचो की याने काम लांबेल. ते तितक्याच गंभीरपणे विचारायचे, साधारण किती लांबेल? मी आकडा सांगितला की त्यांचा चेहरा खुलायचा. मी मनात म्हणायचो, केवढा हा संयम! गवंडी मात्र वैतागून म्हणाला, साहेब, एवढ्या वेळात मी वर आणखी एक मजला चढवला असता.

अखेर रॅम्प झाला. देखणा झाला, बरं का. मी रिबन लावली, ही फोटोला उभी राहिली, घड्याळवाले काका फाटकाबाहेर वाट बघत थांबले. बाबा थाटात खाली उतरले आणि मी फाटक ओढलं. ते माणूस निसटेल एवढंच उघडलं आणि अडलं, खुर्ची जाईना. आपलं फाटक आत उघडतं, आणि बाबांच्या मागण्यांनी लांबत गेलेला रॅम्प बरोबर त्याच्या तोंडाशी येऊन बसला होता. फाटक माझ्या कुंपणाबाहेर होतं ना, स्कोपमध्ये नव्हतं! गवंडी शांतपणे म्हणाला की फाटकाचं कुणी बोललंच नाही. माझा चेहरा बघून बाबांना दया आली असावी. ते म्हणाले, "असू दे रे, मी आपला नेहमीच्या वाटेनं जातो."

आणि गेले की! खुर्ची वळवली, रॅम्प चढले, घरातून स्वयंपाकघरात, आणि मागच्या दाराच्या एकुलत्या एका पायरीवर टाकलेल्या जुन्या कपाटाच्या फळीवरून खाली. तोवर काका वळसा घालून मागच्या गल्लीत हजर. म्हणजे मी ऑफिसात असताना हा कार्यक्रम रोज चालू होता! हिला विचारलं तर म्हणे, मला वाटलं तुला माहीत आहे, तुझ्या तक्त्यात असेल.

मी तणतणत दुकानात पोचलो. बाबांनी डावावरची नजर काढली नाही. मी विचारलं, मग एवढा उपद्व्याप मला का करू दिलात? ते म्हणाले, "रॅम्प लगेच झाला असता, तर तुझी मीटिंग संपली असती. तू परत ऑफिसातून येऊन सरळ जिना चढून वर तुमच्या खोलीत गेला असतास. म्हटलं, चालू दे काम."

काकांनी स्टूल पुढे सरकवलं, मी बसलो, आणि बाबा हरेपर्यंत बसून राहिलो.

भाऊजींना नमस्कार, पोरांना एकेक धपाटा आणि एकेक पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. फाटक उलटं बसवायचं काम आता दुसरा टप्पा म्हणून हाती घेतलं आहे. गवंडी म्हणतो एका सकाळीत होईल. मी त्याला म्हटलं, घाई करू नका. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती तुला प्रत्यक्ष आल्यावर दाखवीन.

ता. ता. क. मुख्य काम राहिलंच. स्टेकहोल्डरांच्या यादीत तुझं नाव घालायचं मी विसरलो होतो. लांबच्या माणसाला अहवाल पाठवला की भागतं असं तुझा कोर्स म्हणतो, पण बाबांचं तेवढ्याने भागत नाही. ते रोज 'इतर विषयां'त तुझ्यापाशीच येऊन थांबतात. तेव्हा ~~वेळ मिळाला तर~~ चार दिवस ये.

सर्वांत शेवटचं: आजच्या मीटिंगमध्ये बाबांनी हे पत्र वाचून घेतलं. स्वतःबद्दलच्या सगळ्या तक्रारी मान्य केल्या. बदल एकच सांगितला, तो वर केला आहे. ते तीन शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले.