यादीतलं एकतिसावं नाव

२६ फेब्रुवारी २०२२, शनिवार

आज रुजू झाले! कंत्राटी का असेना, सरकारी खुर्ची ती सरकारी खुर्ची. रेणापूरहून सकाळची एसटी धरली. आईनं डब्यात धपाटे अन् शेंगाची चटणी दिली, अन् अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं की आमची दीपमाला आता युक्रेनमधून पोरं आणणार हाय. काय बाई तरी!

हेल्पलाइनची खोली लातुरातच, एका जुन्या सरकारी इमारतीत. खाली रेकॉर्ड, वर आम्ही, संपली इमारत. एक टेबल, एक फोन, एक रजिस्टर. साहेब म्हणजे नायब तहसीलदार हणमंतराव. त्यांनी काम समजावून दिलं. तिकडं लढाईत अडकलेली आपल्या भागातली एकतीस पोरं-पोरी, सगळी डॉक्टरकी शिकणारी. रोज सकाळी एकेकाला फोन लावायचा अन् नावापुढं ‘सुरक्षित’ लिहायचं. बॅटरी टिकावी म्हणून घरच्यांनी थेट फोन करायचा न्हाई. त्यांनी आम्हाला विचारायचं, आम्ही पोरांना. यादी दिल्लीला जाती, मग विमानाचं ठरतं.

डॉक्टरकीची नीट परीक्षा मीही दोनदा दिली होती. घरच्यांनी पाठवलं असतं तर बत्तिसावी मीच.

२७ फेब्रुवारी

एकतिसावं नाव अक्षराचं, उदगीरची. तळघरात चाळीस जणांत दाटीवाटीनं बसून हसत होती पोरगी. म्हणाली, ताई, बिस्किटं संपली पण सोमेशच्या फुशारक्या संपत न्हाईत. सोमेश तिच्याच वर्गातला, यादीत तिसावा. फोन ठेवला तरी मी आपली हसून राहिले होते.

२८ फेब्रुवारी

अक्षराचे वडील महादेवप्पा आले. उदगीरच्या मोंढ्यात तुरीचं दुकान हाय. कपाळावर भस्म, बोलणं इतकं हळू की वाकून ऐकावं लागतं. उद्या महाशिवरात्र. लिंगायतांत इष्टलिंग जन्मभर गळ्यात ठेवतात, उतरवत न्हाईत. काकांना एवढंच विचारायचं होतं की पोरीच्या गळ्यात लिंग हाय ना. उद्याची पूजा चुकवू नको म्हणावं.

मी फोन लावून अक्षराला विचारलं. दोरा तुटला म्हणून लिंग चांदीच्या डबीत घालून उशीखाली ठेवलं होतं म्हणं. हल्ल्याचा भोंगा वाजला अन् तसंच टाकून तळघरात पळाली. होस्टेल समोरच, खोली तिसऱ्या मजल्यावर. अप्पांना सांगू नका म्हणून रडायलाच लागली. मी म्हणाले, अगं रडतीस काय, पाच मिनिटांचं काम हाय तर पळत जा अन् आण की. शिवरात्र काय रोज येती का!

काकांना सांगितलं, हाव, गळ्यातच हाय. त्यांनी दोन्ही हात जोडले. मला लई बरं वाटलं.

१ मार्च, महाशिवरात्र

सुट्टी, पण हेल्पलाइन चालू. बाहेर सिद्धेश्वराकडं जाणाऱ्यांची गर्दी.

सोमेशचा फोन लागलाच न्हाई. अक्षरानं लई वेळानं उचलला. आवाज आडातून आल्यासारखा. जिन्यात हाय म्हणाली, खोली सापडून न्हाई राहिली. कालपासून का, असं विचारेपर्यंत कट झाला. ‘सुरक्षित’ लिहिलं. काकांना सांगितलं, पूजा झाली. खोटं बोलले, पण सणासुदीचं माणसाला का रडवायचं.

२ मार्च

पोरं रेल्वेनं सीमेकडं निघाली, आता विमान मिळणार! अक्षराला विचारलं, तू गं? म्हणाली, जिना चढते तर परत तिसराच मजला येतो. थंडी लई हाय म्हणाली. मी चिडलेच. मसणात जाऊ दे ती डबी म्हणाले, गाडी धर आधी.

तिच्यामागं आज कुणाचाच आवाज नव्हता. भोंगा न्हाई, माणसं न्हाईत. ‘सुरक्षित’ लिहिलं.

४ मार्च

सोमेश आला. विमानतळावरून थेट इथं, बुटाला तिकडचाच चिखल.

त्यानं सांगितलं ते लिहिते. अठ्ठावीसला माझ्याशी बोलून अक्षरानं फोन चार्जिंगला लावला, आलेच म्हणाली अन् पळत गेली. दहा मिनिटांत होस्टेल खाली बसलं. अख्खं. पोरांनी संध्याकाळपर्यंत हाका मारल्या. वीजही गेली, सगळ्यांचे फोन बंद पडले, म्हणून आम्हाला कळवता आलं न्हाई. तिचा फोन त्यानं जपून आणलाय, त्याच संध्याकाळी बंद पडलेला. माझ्या टेबलावर ठेवला. मागं बेलाच्या पानाचं स्टिकर.

मग मी बोलले ती कोण?

साहेब म्हणाले, दिल्लीहून लेखी आल्याशिवाय काकांपाशी अवाक्षर काढायचं न्हाई. रजिस्टरात माझ्याच हाताचं — सुरक्षित, सुरक्षित. मीच तिला पळत जा म्हणाले. मीच. देवा, काय केलं मी.

५ मार्च

आज परत तिचा नंबर लावला. तिचा फोन समोर टेबलावर, बंद. तरी रिंग गेली. तरी तिनं उचलला.

ताई, अप्पा रागावलेत का, म्हणाली. मी —

ठेवून दिला. 

६ मार्च

आज लावलाच न्हाई. दहाला आपणहून वाजला. तीच. म्हणाली, तुम्हीच आण म्हणालात की, मग रिकाम्या हातानं कशी येऊ —

७ मार्च

तीस पोचले. यादी आज बंद होणार. दिल्लीचं पत्र आलंय, साहेब खाली आणायला गेलेत.

काका आलेत. झेंडूचा हार घेऊन. कुणीतरी सांगितलं म्हणं, राहिलेली आज येणार. मी सांगायला तोंड उघडलं अन् फोन वाजला. काकांनीच उचलला.

लई वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, राहू दे गं ते लिंग. तुझ्याहून मोठं न्हाई ते. रिकाम्या हातानं ये. मग घरच्या कानडीत — बा, मगळे, बा. तेवढं कानडी मलाही कळतं. ये, पोरी, ये.

कट.

जिन्यात पावलं. साहेब न्हाईत, साहेब खाली अंगणात दिसून राहिलेत. पावलं चढतात. पहिला मजला झाला. अजून चढतात — वर एकच मजला हाय ना आमचा — दुसरा — खोलीत थंडी कसली — तिसरा —

काका हार घेऊन दाराशी उभे. हसतात. म्हणतात, दीपमालाबाई, तुमच्यामुळंच आली माझी लेक. उघडा की दार.

मी त्यांना अजून सांगितलंच न्हाई की तिला मीच