इंजिन काढलेल्या गाडीबाबत

मी, मोटार वाइंडिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेली विधवा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. कुणाची बळजबरी नाही. डोकं ठिकाणावर असल्याचं शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिलं आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव एकुलत्या मुलीला.

२. गाडीचं जुनं इंजिन धाकट्या दिरांना. मी ते काढलं तेव्हा "वहिनींनी दादाचा जीवच उपटला" म्हणून ते नात्यात बोंबलत फिरले. भावजी, न्या आता आणि बसा कवटाळून.

३. गाडी. यजमानांच्या आयुष्यात ती माझ्याआधी आली, म्हणजे सवत मीच. त्यांच्या पश्चात मी ती घरीच विजेवर केली. इंजिन, टाकी, सायलेन्सर काढले. भंगारातली मोटार पुन्हा वाइंड करून गिअरबॉक्सला जोडली, बॅटऱ्या डिकीत बसवल्या. चाचणीला निघाले तर गाडी चालू आहे की बंद हेच कळेना.

तेवढ्यात शेजारच्या सीटवरून यजमान म्हणाले, "निळी घे. निळी शोभते तुला."

मी करकचून ब्रेक दाबला. शेजारी कुणी नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या फेरीत मी विचारलं होतं, छत्री कुठल्या रंगाची घेऊ? इंजिनच्या घरघरीत त्यांना ऐकू जायचं नाही. "काय?" म्हणायचे आणि पुढे बघायचे. आता एकेका प्रश्नाचं उत्तर येतं, विचारले त्याच क्रमाने. मला संतापच आला. अहो, तेव्हा बोलायला काय झालं होतं? मग मी रोजच गाडी काढू लागले.

मुलगी एकदा मागे बसली. "आई, रेडिओ बंद कर ना," म्हणाली. गाडीत रेडिओ नाही.

गाडीही मुलीला. अट एकच, तिच्यात इंजिन पुन्हा बसवायचं नाही. बाळा, कारखान्याने माझेही कान गेले होते. तुझे किती प्रश्न ऐकायचे राहिले, देव जाणे. गाडीत बसत जा.

४. यजमान गेले त्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उतरताना मी विचारलं होतं, "न्यायला कधी येणार?" "काय?" म्हणाले आणि गेले ते गेलेच. दुपारी बातमी आली. तेवढाच प्रश्न उरला होता. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण वाट बघून त्याहून जास्त कंटाळले होते. आज सकाळी उत्तर आलं.

"गुरुवारी. तयार राहा."

साक्षीदार:
डॉक्टरीणबाई (सही. प्रकृती ठणठणीत, एवढी घाई कशाची कळत नाही.)
कोपऱ्यावरचा पंक्चरवाला (सही)

लिहून देणार: सही
ठिकाण: राहतं घर, गॅरेज
वार: बुधवार, संध्याकाळ