जिन्याखालचा दिवा

५ ऑगस्ट २०२४, सोमवार
डेबी वादळ आज सकाळी फ्लोरिडात धडकलं. गुरुवारपर्यंत आपल्याकडे कॅरोलिनात, म्हणतात. बोटवाल्या डेलचा फोन. शनिवारची फेरी कॅन्सल. "समुद्र अजून तुझ्या बायकोला घ्यायला तयार नाही, अरुण." म्हातारा आहे, बोलतो असं. राग आला नाही.

अस्थी जूनपासून गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांशेजारी. दादा दर रविवारी नागपूरहून बजावतो, घरात आणायच्या नाहीत, बाहेर झाडाला बांध. सईला सांगितलं तर म्हणाली, मेपलला काही टांगलं की सोसायटीच्या एचओएचं पत्र येईल, बाबा. हसली. 

नाशिकला नको हे उषानेच सांगितलेलं. "मला पुन्हा त्या विमानात बसवू नका. इथेच सोडा कुठेतरी." समुद्र मी ठरवला.

वांगी आणली. केली नाहीत.

८ ऑगस्ट, गुरुवार
घरून काम. धो धो पाऊस. फोन जोरात वाजला, टॉर्नेडो वॉर्निंग, खिडकी नसलेल्या जागी जा. जिन्याखालच्या कपाटात बसलो. दर वेळी दोघं तिथेच बसायचो. उषा टॉर्च, पासपोर्टची पिशवी आणि चिवड्याचा डबा घेऊन यायची. "उडालो तर उपाशी नको."

बसल्यावर आठवलं, वाऱ्यात आधी गॅरेजचं दार जातं.

उठलो, अस्थींची पेटी घेऊन आलो. विचार वगैरे केला नाही. मांडीवर ठेवली. वाटलं होतं त्यापेक्षा…

वॉर्निंग संपली. परत ठेवायला गेलो. दार उघडलं, रंगाचे डबे दिसले, तसाच मागे फिरलो.

कपाटातच ठेवली आहे. दिवा चालू ठेवला. तिला अंधार आवडायचा नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार
लख्ख ऊन. अर्नेस्टो वादळ तिकडे बर्म्युडावर, पण लाटा इथपर्यंत. आज जायचं होतं. डेल नाही म्हणाला. टीव्हीवर कालपासून एकच दाखवतात, आउटर बँक्सच्या किनाऱ्यावर एक आख्खं घर खांबांवरून सुटून पाण्यात गेलं. आत कोणी नव्हतं.

कॅन्सल झाल्यावर बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

दिवसभर काही केलं नाही. गवत कापायला झालंय.

१८ ऑगस्ट, रविवार
दादाचा फोन. "गॅरेजमध्येच आहेत ना?"
"हो."

१६ सप्टेंबर, सोमवार
या वादळाला नावही मिळालं नाही. तरी डेलच्या गावात, कॅरोलिना बीचला, रस्त्यावर गाड्या बुडाल्या. उद्याची फेरीही रद्द. उद्या अनंत चतुर्दशी, परवापासून पितृपक्ष. दादाच्या हिशेबाने अस्थी सोडायला उद्या शेवटचा दिवस होता. गणपती यंदा बसवला नाही. मराठी मंडळातून शेजारची शुभा मोदक घेऊन आली. "भावजी, खा. नाहीतर मी इथेच बसून राहीन." दोन खाल्ले. मग गेली.

सईला सांगितलं, पुन्हा पुढे ढकललं.
"बाबा, आर यू कीपिंग हर?"
म्हटलं, हवामान.
"अँड व्हॉट इफ द वेदर इज फाइन?"
फोन ठेवल्यावर कपाटात गेलो. इस्त्रीचं टेबल आणि व्हॅक्यूम बाहेर काढले. जागा झाली. एक खुर्ची मावते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
हेलीन वादळ काल फ्लोरिडात आलं, आज पश्चिमेला डोंगरात. इथे पाऊस आणि वारा, बाकी काही नाही. लाइटही गेले नाहीत. तिथल्या ॲशव्हिलकडचे फोन बंद. दर ऑक्टोबरला पानांचे रंग बघायला जायचो तोच रस्ता. उषा थर्मासमध्ये चहा न्यायची, वळणावर सांडायची, दोष माझ्या ड्रायव्हिंगला.

डेल रविवारी समुद्र चांगला असेल म्हणतो. सकाळी आठ. हो म्हटलं. सईला अजून कळवलं नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार
डेलचा फोन. बहीण डोंगरात राहते, तिचा पत्ता नाही. ट्रकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून निघालाय. "सॉरी, अरुण. उद्या जमणार नाही." मी म्हटलं, अरे, जा तू.  काही लागलं तर सांग, असं म्हणायचं राहिलं.

३० सप्टेंबर, सोमवार
काल समुद्र अगदी शांत होता. वेबकॅमवर बघितला.

मंडळाने डोंगरातल्या लोकांसाठी ब्लँकेट मागितली. उषाच्या दोन गोधड्या कपाटात होत्या. एक दिली.

२ ऑक्टोबर, बुधवार
सर्वपित्री. भात लावला, वरण केलं. पान बाहेर डेकवर ठेवलं. खार आली, भात घेऊन गेली. चालेल.

दादाला सांगितलं. जिन्याखाली आहे, ऑगस्टपासून. 
"पाणी ठेवतोस का जवळ?"
नाही म्हटलं.
"ठेव. रोज बदल."
मग नेहमीसारखं त्याच्या गुडघ्यांबद्दल बोलला. जेवलास का, विचारलं. हो म्हटलं. हे खरं होतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार
मिल्टन काल फ्लोरिडात. इकडे नाही येणार. डेलचा फोन, डोंगरातूनच. बहीण सापडली, एका शाळेत होती. तिचा नवरा सापडला नाही. नदीकाठी रोज शोधतायत. आवाज बसलेला.  मग म्हणाला,
"तुझी बायको कशी आहे?"
"ठीक आहे. जिन्याखाली."
"जमिनीवर ठेवलीस?"
"हो."
"उंच ठेव, अरुण. जमिनीवर काही ठेवू नकोस."
आमच्याकडे पूर येत नाही. तरी फळीवर ठेवली. पाण्याचं भांडंही वर.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
डेल घरी परतला. बहिणीचा नवरा मिळाला नाही. शोध थांबवला. बहीण त्याच्याकडे आली आहे. ती दिवसभर धक्क्यावर बसते, म्हणाला. बोटीचं मी विचारलं नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
डेलचा मेसेज. शनिवारी वारा नाही, लाट नाही. आठ वाजता. येतोस? बहिणीला बोटीवर आणलं तर चालेल का, तिलाही फुलं सोडायची आहेत.

वादळांचा नकाशा उघडला. कॅरोलिनाच्या बाजूला काहीच नाही. दोनदा बघितला.

सईला फोन केला. "आय कॅन बी देअर बाय टुमारो नाइट," म्हणाली. मग मराठीत, "बाबा, तुम्ही सांगा फक्त."

गाडी साफ केली. तिला डिकीत ठेवायचं नाही, एवढं ठरलं. पुढच्या सीटवर तिचा गॉगल आणि खोकल्याच्या गोळ्या अजून होत्या. काढल्या, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्या. पेटी आणून सीटवर ठेवून बघितली. पट्टा लावला. लागतो.

तसाच शेजारी बसून राहिलो, गाडी बंद, गॅरेजचं दार उघडं. शुभा कुत्र्याला घेऊन चालली होती. हात केला, थांबली नाही.

मग आत घेऊन आलो. फळीवर. पाणी बदललं.

दिवा बंद करून बघितला. पुन्हा लावला.

डेलला अजून उत्तर दिलेलं नाही. बहिणीला आण, एवढं टाइप केलं आहे.