किल्ली नागपुरात

५ ऑगस्ट १९७४, सोमवार
आज खाप्याला रुजू झालो. कन्हानच्या काठावर दगडी शेड, वर पक्का स्लॅब, लागून माझी खोली. शेडमध्ये खात्याची बोट, पुरात अडकलेली माणसं काढायची. तिचं इंजीन नवंकोरं, अजून ग्रीसचा वास येतो. दुसऱ्या एका घाटावरून असंच इंजीन चोरीला गेलं, म्हणून मला आणलं. वाडीच्या गोदामात नऊ वर्षं राखण केली, एक पोतं हललं नाही. इथल्या चोरांनी आता दुसरा धंदा शोधावा! गोपिका पलीकडच्या काठाला माहेरी आहे. पुढच्या बुधवारी डोंग्यानं येईल, म्हणजे चहा तरी धड मिळेल.

६ ऑगस्ट
इंजीन बोटीवरून उतरवून भिंतीतल्या कड्याला साखळीनं जखडलं. वल्हीही आतच. लोखंडी दाराला माझं गोदामातलं कुलूप, किल्ली गळ्यात. दुपारी पलीकडच्या टेकाडावर माणसं ओळीनं बसलेली दिसली. अकरा होती. डोंग्याची वाट पाहत असतील.

८ ऑगस्ट
सकाळी दार सताड उघडं. कुलूप मोडलेलं नाही, उघडून उंबऱ्यावर नीट ठेवलेलं. किल्ली माझ्या गळ्यातच. चोरी काहीच नाही. इंजिनाची साखळी तेवढी सोडलेली आणि फरशीवर ओली पावलं. मला घाम फुटला, खोटं कशाला लिहू?

९ ऑगस्ट
पुन्हा तेच. शेजारच्या झोपडीतल्या जिजाबाईंना विचारलं. त्यांचा नवरा धोंडबा इथला आधीचा राखणदार. सहा वर्षांपूर्वी तो शेडला कुलूप लावून, किल्ली घेऊन सोयरिकीला गेला आणि मागे पूर आला. टेकाडावर अकरा जण दिवसभर हाका मारत होते. संध्याकाळी टेकाडच दिसेना. धोंडबा पुढे बोलायचाच बंद झाला, तसाच गेला. ते चोर नोहेत गा भाऊ, बोट मांगून राहिले, असं त्या म्हणाल्या. मला एवढंच कळतं की इंजीन गेलं तर माझी नोकरी गेली.

१० ऑगस्ट
खोट किल्लीतच आहे. आणखी दोन कुलपं लावली आणि तिन्ही किल्ल्या जीपवाल्या भैय्याजींबरोबर रामदासपेठेत साहेबांच्या बंगल्यावर पाठवल्या. जिजाबाईंनी कपाळावर हात मारला. किल्ली नागपुरात ठेवून पुराले थांब म्हनसान काय, म्हणाल्या. गरज पडली तर जीप येईल, असं मी सांगितलं.

१२ ऑगस्ट
दोन दिवस दार बंद आहे. टेकाडावर कोणी नाही. अकराही जण शेडच्या दाराशी येऊन बसलेत, भर दुपारी. कपड्यांतून पाणी गळतं. माझ्याकडे बघतात, रागानं नाही. भीती वाटायला हवी, ती वाटत नाही. भात खाल्ला. चव लागली नाही.

१४ ऑगस्ट, सकाळ
पाणी चढलं. डोंगा वाहून गेला. पोस्टातून नागपूरला फोन लावला. साहेब म्हणाले, जीप निघाली, पण रस्ता पाण्याखाली आहे. गोपिका आज निघणार होती. निघाली नसेल.

दुपार
निघाली होती. टेकाडावर एकटी उभी आहे. मागची वाट बुडाली. हाका मारते, इथवर ऐकू येतात.
पहार घातली. पहार वाकली. कुलपं मीच निवडलेली. जिजाबाई दगडानं ठोकताहेत.

दाराशी बसलेले उठून गेले. आता टेकाडावर दिसतात. सरकून सरकून तिला मध्ये जागा करून देताहेत —

जिजाबाईंनी दगड टाकून दिला. जीप नाही. हात बधिर झालेत, तरी मी लिहीत का —

गोपिके, माफ कर —

हाक मारणं थांबवलं तिनं. पदर सावरून बसली त्यांच्यात. आता तीही नुसती माझ्याकडे बघ