आजीचा चेहरा आला नाही तेव्हा

अब्बा, आज दुकानात एक मुलगी आली होती. लग्नाचे फोटो काढायला शिकते. तिने विचारलं, "मॅडम, रॉ फाईल काढायची असली तर कॅमेऱ्यात सेटिंग कशाला बघत बसायचं? नंतर कम्प्युटरवर सगळं बदलता येतंच की." मी म्हटलं, सगळं नाही येत. पण का येत नाही हे सांगायला लागले आणि मला तुम्ही दिसायला लागलात. तिला मी चार वाक्यांत उरकलं. उरलेलं तुम्हालाच लिहावंसं वाटलं.

भूकंपानंतरचे दिवस मला आठवतात. मी शाळेत होते. निलंगा-औशाकडून माणसं लातूरला यायची, आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून राहायची. कुणाच्या हातात लग्नातला ग्रुप फोटो, कुणाच्या हातात मातीने खरवडलेला पासपोर्ट साइज फोटो. "साहेब, एवढा एकच चेहरा मोठा करून द्या." तुम्ही डार्करूममध्ये शिरलात की जेवायलाही बाहेर यायचा नाहीत. आपल्याकडे जपलेल्या जुन्या निगेटिव्हवर उजेड जास्त झाला असला तरी फोटोच्या कागदाला जास्त वेळ उजेड देऊन तुम्ही त्यातून नाक, डोळे काढून आणायचात. अम्मी रागवायची, तर म्हणायचात, "निगेटिव में सब रहता, निकालने वाला चाहिए." तो तुमचा विश्वासच होता.

मग शहर बदललं. गल्लोगल्ली क्लासेस, मुलांच्या खोल्या, खानावळी. भोकर-कंधारपासून मुलं शिकायला आली. आपल्याकडे फॉर्मच्या फोटोंची रांग लागायची आणि निकाल लागला की गुणवंतांचे मोठाले बोर्ड. डिजिटल कॅमेरा माझ्या हट्टाने आला. तुम्ही तो हातात घेतलात, पण रंग ब्लॅक अँड व्हाइटवर ठेवलात. "रंग दिसला की उजेड बघायचं राहून जातं," असं तुमचं म्हणणं. मी रॉ चालू करून दिलं होतं, ते काय असतं हे मात्र नीट सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी एका क्लासने सत्काराचं काम दिलं. हॉल अंधारा होता म्हणून थोडा उजेडही भरपूर दिसावा असा आयएसओ मी सोळाशेवर नेऊन ठेवला. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी तुमच्यापाशी आली. तिला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. भूकंपात आईबाप गेले तेव्हा ती पाळण्यात होती, आजीने वाढवलं. ती आजी बाहेर व्हरांड्यात उभी होती, डोक्यावर पांढरा पदर. मुलगी म्हणाली, "काका, आजीचा एक चांगला फोटो काढा. मला हॉस्टेलला न्यायचाय. आमच्या घरात कुणाचाच फोटो न्हाई." तुम्ही भर उन्हात फोटो काढलात. शटर बदललं, अॅपर्चर बदललं, अगदी बरोबर, रोलवर उन्हात काढताना बदलायचात तसं. आयएसओ तेवढा हॉलमधलाच राहिला. आयुष्यभर तो रोलच्या डब्यावर ठरलेला होता. मधेच बदलायचा असतो हे हाताला कुठून ठाऊक असणार? आणि उन्हात त्या छोट्या स्क्रीनवर काही दिसतही नव्हतं.

दुपारी आपण कम्प्युटरवर बसलो. क्लासच्या मालकाला बोर्डासाठी रंगीत फोटो हवे होते आणि तुम्ही सगळेच ब्लॅक अँड व्हाइट काढलेले. तुमचा चेहरा उतरला. मी फाईल उघडली, तर मुलींचे ड्रेस, हार, फेटे, सगळे रंग जिथल्या तिथे. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. "ये कां से आए?" मी सांगितलं, रंग, कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स या रॉ फाईलला दिलेल्या नुसत्या सूचना असतात. स्क्रीनवर दिसणारा फोटो त्या सूचनांप्रमाणे बनतो. आत सेन्सरवर पडलेला उजेड तसाच राहतो. तुम्ही लहान मुलासारखे हसलात. "मग हीच आपली निगेटिव्ह!"

आणि मग आजीचा फोटो आला. पदर, कपाळ, गाल, सगळं एकच पांढरं. मी उजेड कमी केला, तर पांढऱ्याचं राखाडी झालं, चेहरा काही उमटेना. तुम्ही म्हणालात, "अजून खाली घे." मी घेतलं. नाहीच. मी म्हटलं, "अब्बा, यात नाहीये. शटर, अॅपर्चर, आयएसओ, या तिघांनी उजेड कॅमेऱ्यातच ठरतो. भरून सांडला की आत काही राहत नाही." इतक्या माणसांना ढिगाऱ्यातल्या कागदातून चेहरे काढून दिलेत, आणि ही समोर उभी असलेली बाई तुमच्या हातून गेली होती.

दुसऱ्या दिवशी क्लासमधून पत्ता घेऊन, गुडघा दुखत असतानाही तुम्ही मला घेऊन निलंग्याच्या एसटीत बसलात. मुलगी नांदेडला जायच्या तयारीत होती. पुनर्वसनाच्या वसाहतीत आजी अंगणात तूर निवडत होती. म्हणाली, "काल काढलाव की ओ. आज परत कामून?"

"चुकलं माझं, आई. तुमचा चेहराच आला न्हाई."

"माझ्या चेहऱ्यात काय हाय येण्यासारखं?"

"ते पोरीला इचारा," तुम्ही म्हणालात, आणि आजीने खरंच मुलीकडे पाहिलं. मुलगी रडायला लागली. घराच्या ओट्यावर छान सावली होती, पण आजी छपराखाली बसायला तयार नव्हती. भूकंपापासून ती बाहेरच निजायची. तुम्ही आग्रह केला नाहीत. नातीला तिच्याशेजारी बसवलंत आणि सूर्य ढगाआड जाईपर्यंत थांबलात. मला मोठ्याने विचारलंत, "आयएसओ?" मी म्हटलं, शंभर. पदरावरचा उजेड पांढरा फटक होऊ नये म्हणून फोटो थोडा अंधारा काढलात. स्क्रीनवर तो काळपट दिसत होता. मुलगी घाबरली. तुम्ही म्हणालात, "राहू दे. अंधारातलं काढता येतं."

काढता आलं. कपाळावरचं गोंदण, पदराचा जुना हिरवा काठ, नातीच्या खांद्यावरचा हात, सगळं. तो फोटो हॉस्टेलला गेला. तुम्ही गेल्यानंतर ती मुलगी आली होती, डॉक्टर होऊन. आजी वारली होती. मोठा फोटो हवा होता. मी तीच जुनी फाईल उघडली. आताच्या सॉफ्टवेअरने सावलीतलं आणखी निघालं, आजीच्या मागे दारात वाळत घातलेला नातीचा युनिफॉर्मसुद्धा दिसला. तिने तुमची चौकशी केली. मी सांगितल्यावर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काका त्या दिवशी आले नसते तर आजी कशी दिसायची हे मी लोकांना नुसतं सांगत बसले असते."

हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. पत्र कुठे पाठवायचं नाहीच. घरात आपण दखनी बोलायचो, तुम्ही वाचायचात उर्दू, मराठी लांबलचक असलं की माझ्यापुढे सरकवून म्हणायचात, "तू पढ, मैं सुनता." म्हणून दुकान बंद केल्यावर मी हे सगळं एकदा मोठ्याने वाचलं. मधे दोन ठिकाणी थांबलेही, तुम्ही काही विचाराल म्हणून.