प्लायवुडच्या दोन्ही बाजूंना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकवीस, अविवाहित, विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आईने दोनदा हातातून पेन काढून घेतले. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया नेहमीची आहे. परंतु पेपर सोपा असला तरी दप्तर आधी भरून ठेवण्याची मला शाळेपासून सवय आहे. हे त्याहून अधिक काही नाही.

घरात मला ‘पुटपुट’ म्हणतात, कारण माझे बोलणे पलीकडच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. म्हणून जे सांगायचे ते कागदावर सांगते.

कलम पहिले. संदेशवहन प्रणालींचे माझे जाड पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावे. त्याच्या समासात मी पेन्सिलीने मराठी लिहिले आहे. बारावीपर्यंत, पुस्तके इंग्रजी झाली तरी, मराठीतूनच समजून घेत पहिली येत गेलेली मी इथल्या पहिल्या तासाला बसले, तेव्हा मला पूर्ण कळलेले वाक्य एकच होते, ‘क्लोज द विंडो’. मी उठून खिडकी बंद केली आणि तेवढ्यावर समाधान मानले. पुढे एकेक संज्ञा घरी आणून मी तिला मराठीत बसवली. ‘वाहक लहर’ या शब्दाशेजारी लिहिले आहे, ‘स्वतःचे काही सांगत नाही, दुसऱ्याचे घेऊन जाते.’ ग्रंथपालांनी हे खोडू नये. पुढच्या वर्षी खिडकी बंद करायला जी उठेल तिला ते उपयोगी पडेल.

कलम दुसरे. प्रयोगशाळेतील माझी जोडीदारीण, जिला वर्गात ‘टापटीप’ म्हणतात, तिला माझा एक आलेख द्यावा. त्या प्रयोगात संदेशाची लहर प्रमाणाबाहेर मोठी झाली, वाहक लहर तिच्याखाली चिरडली गेली आणि यंत्राच्या पडद्यावर शेंडे छाटलेली आकृती आली. मी दिसली तशी काढली. ती म्हणाली, “अगं बाई, गोल काढ की छान. सर काय यंत्रात बघायला येणारेत का?” तिने गोल काढली. तिला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. माझ्या मनात राग नाही. थोडा आहे.

कलम तिसरे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना माझे एक उत्तर देणे बाकी आहे. त्यांनी विचारले होते, डिजिटल संदेश अॅनालॉगपेक्षा शुद्ध कसा पोचतो? उत्तर मला येत होते. ते मराठीतून इंग्रजीत उतरत असताना त्यांनी ‘नेक्स्ट’ म्हटले. गप्प आणि अडाणी यांत त्यांना फरक दिसला नसावा. उत्तर असे. लहर वाटेत क्षीण होते आणि तिच्यात गोंगाट मिसळतो. अॅनालॉग मार्गावर लहर मोठी करणारे यंत्र गोंगाटही तेवढाच मोठा करते. डिजिटल मार्गावरचे यंत्र टप्प्यावर एवढेच ठरवते, आलेला होता तो शून्य की एक? मग तोच नव्याने, कोरा करकरीत करून पुढे पाठवते. गोंगाट मागेच राहतो.

याचे उदाहरण आमच्या दुकानात आहे, ते पुढील कलमात देते.

कलम चौथे. घराखाली आमचे दुकान आहे. डाव्या बाजूला वडील रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात, उजव्या बाजूला दादा मोबाइल. मध्ये प्लायवुड आहे. ते पूर्वी नव्हते. वडील परगावी गेले असताना दादाने फळी मोकळी करायला एक मुका रेडिओ भंगारात दिला. त्यात वडिलांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलेल्या कॉइली होत्या. परत आल्यावर वडील भर गिऱ्हाइकांत म्हणाले, “हा माझा मुलगा नव्हे. भंगारवाला विसरून गेलेला माल आहे.” दादाने त्याच संध्याकाळी प्लायवुड आणले. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. दादाची चूक आणि वडिलांचे वाक्य, दोन्ही मी इथे सारख्याच आकाराच्या अक्षरांत लिहिली आहेत.

आरंभी निरोप आई नेत असे. आई अॅनालॉग होती. वडील म्हणाले, “जेवण थंड होतंय म्हणावं,” की ते दादापर्यंत पोचेतो, “तुझ्यापायी घरादाराला थंड गिळावं लागतं, तुला आहे का कुणाची पर्वा?” असे होई. पुढे तिने राजीनामा दिला. “मी काय तुमच्यातली तार आहे?” असे म्हणून ती वर निघून गेली आणि काम माझ्याकडे आले.

वडील म्हणत, “पुटपुटे, त्या गाढवाला विचार, बिल भरलंय, का दुकानात अंधार झाल्यावर भरणार आहे?”

मी पलीकडे जाऊन म्हणे, “दादा, बाबा विचारतात, बिल भरलं का?”

“त्या जमादारसाहेबांना सांग, काल तारखेच्या आधीच भरलं. सगळेच काही झोपलेले नसतात.”

मी परत येऊन म्हणे, “बाबा, भरलं.”

प्लायवुड पातळ आहे. गाढव आणि जमादार दोघांनाही मूळ वाक्य लख्ख ऐकू येते. तरी मी जाऊन सांगेपर्यंत कोणी उत्तर देत नाही. दोघेही कोऱ्या प्रतीची वाट पाहतात. एकदा तर वडील मला म्हणाले, “त्याचं ऐकू आलं, तुझं नाही आलं. परत सांग.”

माझे काम चोख चालले, आणि अडचण तीच झाली. टप्प्यावरचे यंत्र चांगले असले की टोकाच्या दोघांना जवळ येण्याची गरज राहत नाही. म्हणून माझी ही इच्छा स्पष्ट नोंदवते, की निरोप पोचवण्याचे काम मी वारसाहक्काने कोणालाही देत नाही. आईला तर मुळीच नाही. ते माझ्याबरोबर संपावे.

कलम पाचवे. आमच्या अभ्यासात एक नियम आहे. लहर ज्या वेगाने बदलते, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा तिचे नमुने घ्यावेत. कमी घेतले तर नमुन्यांवरून जी लहर उभी राहते ती भलतीच असते, आणि आपण तिलाच खरी धरून बसतो. वडिलांना दादाबद्दल माझ्याकडून ‘बरा आहे’ एवढेच कळते. दादाला वडिलांबद्दल ‘झोपले’ एवढेच. जिन्यात समोरासमोर आले तर दोघेही पायऱ्यांकडे पाहतात. दादा बदलला आहे, वडीलही. काय बदलले ते मी इथे लिहिणार नाही. पाहणाऱ्याला दिसेल.

कलम सहावे. शिष्यवृत्तीतून उरलेली रक्कम आईला द्यावी. तिने ती घरखर्चात घालू नये, स्वतःवर खर्चावी. वडिलांनी दिलेला लाकडी मुठीचा सोल्डरिंग आयर्न आणि दादाने दिलेला, वीज तपासायचा मीटर हेही आईकडे, एकाच खणात राहावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आईने करावी. ती रडेल, पण कामात चुकणार नाही.

कलम सातवे. खालच्या गल्लीतील वकीलकाकांनी सांगितले, की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याला शक्यतो साक्षीदार करू नये. वडील आणि दादा यांना मी वर काहीही दिलेले नाही, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आले असेल. त्यांच्यासाठी मी साक्षीदाराची जागा ठेवली आहे. दोघांनी एका टेबलाशी, एकमेकांच्या देखत सह्या कराव्यात. तेवढे झाले तर गुरुवारी मला भूल लवकर चढेल.

कलम आठवे. हे कलम साक्षीदार समोर बसलेले असताना लिहीत आहे. आईने दोघांना वर बोलावले. वडील माझ्याकडे पाहून म्हणाले, “त्याला विचार, आधी कोण वाचणार?” मी खाली मान घालून लिहीत राहिले. “पुटपुटे, विचारतेस ना?” दादाही माझ्याकडेच पाहत होता. मी काहीच पोचवले नाही. आईने पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला आणि तीही बसली.

मग दादाने लिहून झालेले कागद ओढून घेतले आणि खिशातून चष्मा काढून लावला. तो फक्त प्लायवुडच्या पलीकडे, बारीक कामाला बसल्यावर लावतो. चौथ्या कलमापाशी तो थांबला, डोळे पुसले, पुढे वाचले. वडील त्याच्याकडे पाहत होते.

“चष्मा कधी लागला रे?”

दादाने माझ्याकडे पाहिले. मी लिहीत होते.

“झालं की वर्ष,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “बाबा.”

“नंबर काय?”

“तुमचाच.”

वरील मजकुरात मी यापुढे काही जोडू इच्छित नाही.

लिहून देणार : पुटपुट, सही.

साक्षीदार पहिला : दादा, मोबाइल दुरुस्ती, सही.

साक्षीदार दुसरा : वडील, रेडिओ दुरुस्ती, सही. (यांचा स्वतःचा चष्मा खाली दुकानात राहिल्याने, पहिल्या साक्षीदाराचा चष्मा लावून सर्व कलमे वाचली व सही केली.)

ठिकाण : राहते घर, दुकानावरची खोली.
दिनांक : शस्त्रक्रियेच्या आधीचा रविवार.