एक्क्याण्णव म्हणजे किती?

प्रिय ठमे,

फोन उचलत नाहीस. ‘मी बरी आहे’ एवढाच मेसेज आला. बरी असलेली माणसं असं लिहीत नाहीत गं.

प्रवेश परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तू नुसतं “एक्क्याण्णव” म्हणालीस आणि बाबा चष्म्याचं दुकान उघडं टाकून रस्ताभर सांगत सुटले. त्यांना वाटलं, शंभरातले एक्क्याण्णव गुण! गिऱ्हाइकाच्या डोळ्याला भिंग लावून अक्षरं वाचायला सांगायचे आणि मध्येच तुझा आकडा ऐकवायचे. मीही त्यातलीच. तू जेवताना मान वर केली नाहीस, तर मला वाटलं, दमली असेल पोर. सकाळी मैत्रिणीच्या खोलीवर जाते म्हणालीस ती गेलीसच.

काल न राहवून तुझ्या क्लासच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, “ताई, हे गुण नव्हेत, पर्सेंटाइल आहे. शंभर मुलांत साधारण नऊ तिच्या पुढे. पण परीक्षेला बसलेत लाखो, म्हणजे पुढे हजारो.” तुला हवं ते कॉलेज गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णवला थांबलं म्हणे, त्याखाली प्रवेशच नाही. “मग हे वाईट का?” असं विचारलं, तर म्हणाले, “नुसत्या आकड्यावरून कसं सांगू? कुठलं कॉलेज, कुठली शाखा, त्यावर ठरतं.” दुसरी दोन कॉलेजं एकोणनव्वदच्या आसपास थांबली होती. यंदाचं मात्र सरांनाही सांगता येईना. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय, खोटं कशाला बोलू?

आज बाबांना सगळं समजावलं. त्यांनी पुसत असलेली काच खाली ठेवली. मग म्हणाले, “म्हणजे पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि मी गावभर नाचत होतो.” आणि चपला घालायला लागले. मी म्हटलं, थांबा, दोन ओळी लिहून देते.

तुझ्या मैत्रिणीच्या हाती हे पत्र वर पाठवून ते खाली फाटकाशी उभे असतील. वर यायचा त्यांना धीर होणार नाही. कॉलेजचं नाव काढायचं नाही, असं बजावलंय. आज घरी आली नाहीस तरी चालेल. पण खाली जा आणि त्यांना एकदा दिस.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई